धर्माच्या ओट्यावरचं कोर्ट

माझी शेळी धर्माच्या वालपापडीत शिरली आणि धर्माने तिला अटक केली. अटक म्हणजे ओट्याच्या खांबाला बांधली. मी सोडवायला गेले तर म्हणाला, "काकी, आज जामीन मिळायचा नाही. बाहेर सोडली तर उरलेला पुरावा खाईल."

सूर्यमाळच्या खालच्या अंगाला आमचा पाडा. धर्मा माझा शेजारी, पन्नाशीचा, भात-नागली करणारा. कुणाचं जनावर त्याच्या शेतात आलं की तो ओट्यावर कोर्ट भरवतो. खुर्ची नाही म्हणून उलट्या टोपलीवर बसतो. आरोपी कोंबडी असेल तर ती त्याच टोपलीखाली असते.

त्याच दिवशी दुकानदाराची म्हैस त्याची अर्धी नागली तुडवून गेली. ती लगेच सुटली. का, तर तिची पाठ दुखते. म्हशीची पाठ दुखते हे तुला कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

"मालक मोठा असला की पाठ दुखते. दाखला आहे."

'दाखला आहे' हे त्याचं रोजचंच. शहरातला कुणी बडा माणूस लोकांना लुबाडून जामिनावर सुटल्याचं मोबाईलवर दिसलं की झाला दाखला. कुणाची पाठ, कुणाची साखर, कुणाच्या आईचं म्हातारपण. माझी शेळी ठणठणीत, म्हणून ती आत.

हे वेड कुठून आलं ते पाड्याला ठाऊक होतं. त्याचा मुलगा रामदास एका कंपनीचा एजंट. दामदुप्पट देतो म्हणून आमचे पैसे घेऊन गेला आणि कंपनी बुडाली. माझेही गेले. कंपनीचा मालक आणि रामदास दोघांना पकडलं. मालकाची पाठ दुखायला लागली, तो सुटला, आणि पुतणीच्या हळदीत नाचताना मोबाईलवर दिसला. त्या पाठीने काय उड्या मारल्या! रामदासलाही जामीन मिळाला, पण कागदावरच. ज्याच्या नावावर जमीन आहे असा जामीनदार उभा राहिल्याशिवाय त्याला सोडणार नव्हते. धर्मा जंगलातला तुकडा कसतो, सातबारा त्याच्या नावावर नाही. आणि ज्यांच्या नावावर आहे, त्यांचेच पैसे बुडालेले.

शेळीसाठी मी दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी त्याने दावं सोडलं आणि जामीनदार कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, शेळ्या-कोंबड्यांना जामीनदार मागतोस, मग रामदाससाठी आम्हाला एकदाही का नाही विचारलंस?

तो टोपलीवरून उठला. टोपली उगाच झटकत राहिला.

"ज्यांचं खाल्लं त्यांनाच कसं विचारू, काकी?"

मला रामदासची दया आली नाही. अजूनही येत नाही. पण मालकाने नाचायचं आणि गड्याने आत सडायचं, हे पटेना. शिवाय रोज शेळ्या सोडवत बसायला मला वेळ नाही. सोमवारी माझ्या शेताचा सातबारा घेतला आणि धर्माला म्हटलं, चल, गाडी येईल.

जव्हारच्या कोर्टात जज्ज मॅडमनी विचारलं, आरोपी तुमचा कोण लागतो? मी म्हटलं, कुणी नाही, त्याने माझे पैसे बुडवले. मॅडमनी चष्मा काढला. मग त्याला जामीन कशा राहता? मी म्हटलं, आत बसून तो माझे काय फेडणार? वकिलाला खोकला आला. कारकून शाईचा डबा पुढे करत होता. त्याला सांगितलं, चौथी झालेय माझी, पेन दे.

धर्मा आत आलाच नाही. एवढे दाखले देणारा माणूस बाहेर पायरीवर बसला होता, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत काय म्हणून पाहिलं तर रामदासच्या चपला. पोलिसांनी त्याला भाताच्या आवणीतून उचलला होता, पायाला चिखलाशिवाय काही नव्हतं.

मी म्हटलं, अरे वेड्या, तो इथे नाही सुटणार. कागद ठाण्याच्या तुरुंगात जातील, तिकडे सुटेल.

"माहीत आहे," धर्मा म्हणाला आणि उठला. "ठाण्याची गाडी कुठे लागते, तेवढं दाखव."