उजव्या बाजूचं चाक

चाकाचा नट किती जोरानं आवळायचा हे अख्ख्या पोखर्णीत फक्त मला कळतं, अशी चौऱ्याहत्तर सालापर्यंत माझी ठाम समजूत होती! माझ्याकडे जुनी जीप होती आणि टॉर्क पाना होता. ठरवलेला जोर लागला की हा पाना ‘टक्’ म्हणतो. बाकीचे ड्रायव्हर पान्यावर उभे राहून नाचायचे. मी ‘टक्’ ऐकायचो आणि रुबाबात उठायचो.

भाची कोकिळाचं लग्न मानवतला ठरलं. नवरी अर्थातच मामाच्या जीपमधून जाणार! सकाळी चाकं आवळायला बसलो आणि पाहतो तर काय, डाव्या बाजूचे सगळे नट काळ्या वंगणानं माखलेले!

“हे कुणी केलं?” मी ओरडलो.

“म्या,” बायको म्हणाली. “लगनाला गाडी निघाली की चाकाला वंगण घालतेत. उजवीकडं पुरलं न्हाई.”

“अगं, ही बैलगाडी हाय का?”

पाना लावला. ‘टक्’ व्हायच्या आधीच ‘कडाड्’ झालं आणि तुटलेला बोल्ट नटासकट पान्यात आला! मी हबकलोच. वंगणामुळं नट सरसर फिरला होता आणि तेवढ्याच जोरात बोल्ट भलताच ताणला गेला होता. मग मी डावीकडचे नट पुसून बेतानं आवळले.

उजवीकडचे नट कोरडे, लालभडक गंजलेले. पाना जेमतेम हलला आणि लगेच ‘टक्’!

“याला म्हणतात नट!”

“अवो, गंजलेत ते.”

“गंज म्हणजे पकड!” मी म्हणालो.

कोकिळा आणि बायकोला घेऊन निघालो. मानवतची वेस दिसली. वाजंत्री सुरू होती. नवऱ्या मुलाचे वडील मुंजाजीराव फेटा सावरत पुढं उभे होते. तेवढ्यात माझ्या बाजूनं एक चाक जीपला मागं टाकून निघालं.

“मामा,” कोकिळा म्हणाली, “त्ये चाक कुनाचं जायलंय?”

“असंल कुणाचं तरी. लोक नट नीट आवळत न्हाईत!”

आणि जीप उजवीकडं धाडकन बसली! माझा सगळा जोर गंजाशी भांडण्यातच संपला होता. नट आवळलाच गेला नव्हता!

चाक थेट वाजंत्र्यांत घुसलं. सनईवाला शेतात पळाला. मुंजाजीरावांनी उडी मारली आणि त्यांचा फेटा चाकाखाली गेला.

“नवरीआधी चाक आलं! अपशकुन! लगन थांबवा!” ते गरजले.

पोरीचं लग्न माझ्या पान्यानं मोडलं!

कोकिळा खाली उतरली. पदर खोचून तरातरा वेशीपर्यंत गेली.

“मामंजी, पळालं त्ये चाक. म्या कुटं पळाले? म्या तर चालत आले की!”

मुंजाजीराव पोट धरून हसले. सनईवाला शेतातून परत आला.

“पन येक अट हाय,” ते माझ्याकडं वळले.

“काय म्हणाल ते कबूल!”

“पोरीची पाठवणी आमच्या बैलगाडीतून व्हईल. तुमी तिच्या चाकाला हात लावायचा न्हाई.”

मी मान खाली घालून कबूल केलं. बायको मात्र वंगणाचा डबा मागून घेऊन बैलगाडीकडं निघालीसुद्धा. तिला कुणीच अडवलं नाही!