छातीच्या तसबिरीचे नियम

छातीचा एक्स-रे ही आयुष्यातली एकमेव तसबीर, जिच्यात माणूस आतून कसा आहे ते दिसतं. म्हणूनच सभ्य लोक ती काढायला दाढी करून जातात.

हिंदी मुलखातल्या हजिरा मोहल्ल्यातले सूर्याजीराव तर मिशीला तूप लावून गेले. खोकला हटत नव्हता, पण घराणं शिपाईगड्यांचं; छाती पुढे काढायचं शिक्षण पिढीजात. नियम मोजकेच असतात: अंगावर धातू नको, सांगितल्यावर श्वास रोखायचा, हलायचं नाही. (शेवटचा नियम निवृत्त सरकारी नोकरांना शिकवावा लागत नाही.)

घोडं अडलं धातूपाशी. गळ्यात पणजोबांचा चांदीचा ताईत, आणि घराण्याची रीत अशी, की तो उतरतो तो थेट शेवटच्या आंघोळीला. एक्स-रेवाला म्हणाला, "बाबूजी, गले में कुछ हो तो उतार दीजिए." सूर्याजीरावांनी तर्क केला, तसबीर छातीची आहे, पाठीची नव्हे. ताईत गुपचूप बनियनच्या आत पाठीवर सरकवला आणि म्हणाले, "कुछ नहीं है."

फिल्म घरी आली. रिवाजाप्रमाणे ती डॉक्टरच्या आधी घरच्यांनी वाचायची असते. सौभाग्यवती शालिनीताईंनी खिडकीशी धरली, तर छातीच्या मधोमध पांढरा गोळा! मेहुणे हेमेंद्र यांचं टोपी बाजारात पगड्यांचं दुकान, साहजिकच ते अधिकारवाणीने म्हणाले, "फैल गया है." शेजारच्या मंदाताई म्हणाल्या, आमच्या ह्यांचाही अगदी असाच होता. (ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून पुढे कुणी विचारलं नाही.) पाहणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोकांनी मान हलवली. सूर्याजीरावांचं धाबं दणाणलं. आता हाच वाचवील म्हणून त्यांनी ताईत मुठीत घट्ट धरला.

डॉक्टर सोनिकाने फिल्म पाहिली, मग ती मूठ पाहिली. म्हणाली, "अंकल, ये उतारकर फिर से खिंचवाइए."

सूर्याजीरावांनी बायकोकडे पाहिलं. "उतरवला तर मेलो, नाही उतरवला तरी मेलोच की गं."

शालिनीताईंनी स्वतःच्या हाताने ताईत काढला. "तुम्ही या जाऊन. तोवर मी घालून बसते."

नवी फिल्म स्वच्छ निघाली, साधा कफ. शालिनीताई दवाखान्यातच रडल्या. हेमेंद्र तेवढे नाराज झाले. पहिल्या फिल्ममध्ये जास्त साफ दिसत होतं, असं त्यांचं मत आजही आहे.

वाचकहो, हेमेंद्रना हसू नका. तुमच्याही कपाटावर लिफाफ्यात अशी एक फिल्म पडून असेल. तुम्हीही ती खिडकीशी धरून गंभीरपणे मान हलवली होतीत. ती उलटी धरली होती, हे तेव्हा घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही.