मानाचा टॉवेल

घोट्याच्या लिगामेंटबद्दल सोलापुरात डॉक्टरांच्या खालोखाल कुणाला कळत असेल, तर मला! माझी भाची अपेक्षा पगारी कबड्डी संघात चढाया करते. चढाईतच तिच्या घोट्यातलं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं आणि ती आमच्याकडे राहायला आली. तेव्हापासून मी फिजिओ बाईंना इतकं विचारलंय, की त्या हल्ली जिन्यातूनच "प्रश्न उद्या" म्हणतात.

मला सगळ्यात नवल वाटलं टॉवेलच्या व्यायामाचं. फरशीवर टॉवेल पसरायचा आणि टाच न उचलता पायाच्या बोटांनी तो गोळा करत ओढायचा. शिवलेला पाय आपलं काम विसरलेला असतो, त्याला पुन्हा शिकवावं लागतं म्हणे. चार महिन्यांत घरचा टॉवेल विरला, म्हणून मागच्या आठवड्यात मी दोन जाड टॉवेल आणले. एक पायाला आणि दुसरा मानाला. कारण रविवारी संघाचे व्यवस्थापक मायाप्पा मोहोळहून येणार होते. अपेक्षाला पुढच्या मोसमात ठेवायचं की नाही, ते त्यांच्या हातात होतं.

मायाप्पा जुने पैलवान. मी त्यांना टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. ते खूश झाले.

"आता व्यायाम दाखव की, पोरी," ते म्हणाले.

अपेक्षाने कोपऱ्यातला टॉवेल उचलला. "मामा, ह्याला अजून लेबल हाय. माझा कुटं गेला?"

माझ्या बायकोने, श्रीदेवीने, अपेक्षाचा वापरलेला टॉवेलच नीट घडी घालून मानाच्या ताटात ठेवला होता. मायाप्पा त्यानेच मिशा पुसत होते.

"म्हंजे ह्यो..."

"पायाचा," मी म्हणालो. दुसरं काही सुचायला वेळच मिळाला नाही.

"पावण्याला असा मान देता व्हय, प्रभुअण्णा?"

अपेक्षाचा चेहरा उतरला. पोरीचा मोसम माझ्यामुळे बुडणार! मी घाईघाईने त्या टॉवेलचं महत्त्व सांगायला लागलो. ऐकता ऐकता मायाप्पांचा राग कुतूहलाकडे वळला.

"टाच न उचलता? त्यात काय लई अवघड हाय?"

त्यांनी टॉवेल पसरून वर पाऊल ठेवलं. पाच मिनिटं झाली, मायाप्पांना घाम फुटला, टॉवेल जागचा हलला नाही.

मला चेव आला. "आता पुढची पायरी बघा!" चादरीची चौघडी घालून मी तिच्यावर एका पायावर उभा राहिलो आणि डोळे मिटले. बाईंनी तीस आकडे सांगितले होते. मी सातापर्यंत पोचलो.

माझा घोटा कचकन वळला. डोकं टीपॉयवर आपटणार, तेवढ्यात अपेक्षाने झेप घेतली आणि ऑपरेशनच्या पायावर घट्ट उभी राहून मला दंडाला धरून वरच्या वर झेललं.

"चढाईवाली आसून पकड झकास हाय की," मायाप्पा म्हणाले. "पाय बरा झालाय. बाईंनी व्हय म्हटलं, की ये सरावाला."

पुढच्या रविवारी ते मला बघायला आले. माझा घोटा पट्ट्यात होता. त्यांनी नारळ दिला, कोरा टॉवेल उलगडला आणि वाकून माझ्या पायाखाली पसरला. मी टोपीची वाट बघत राहिलो. शेवटी न राहवून विचारलं.

"टोपी डोक्याला घालत्यात," मायाप्पा म्हणाले. "ते हाय आसं कळलं, की आणतो."