चाळीस लाख पौंडांची बिल्डिंग

आमच्या सोसायटीत इंग्रजीचं किंवा आकडेमोडीचं काम निघालं की सगळे माझ्याकडेच येतात. ठाकुर्लीतल्या आमच्या चार मजली बिल्डिंगची तपासणी झाली, तेव्हा ठाण्याच्या इंजिनिअरचा फोनही मीच घेतला.

"आसावरी मॅडम, तुमची बिल्डिंग चाळीस लाख पौंडांची भरतेय," अपूर्व म्हणाला. "बाकीचं रविवारी येऊन सांगतो."

मी पौंडाचा भाव पाहिला, गुणाकार केला आणि मटकन सोफ्यावर बसले. शेहेचाळीस कोटी!

"अगं, पण पौंडात कशाला सांगेल?" माझा नवरा स्वानंद म्हणाला.

"परदेशी बिल्डर आला असेल."

संध्याकाळपर्यंत बातमी गच्चीपासून पार्किंगपर्यंत पोचली. कोणी नव्या गाडीचा रंग ठरवला, कोणी शेजाऱ्यांशी आत्तापासूनच तुटक बोलायला लागलं. तळमजल्यावरच्या गोपीनाथकाकांनी मुलाला फोन लावला. सूरज भांडून पुण्याला गेलेला. आईच्या, म्हणजे शेवंतीकाकूंच्या, तेराव्यानंतर इकडे फिरकलाच नव्हता.

"रविवारी येतोय, नातीला घेऊन," काका दारोदार सांगत होते. त्यांनी पलंगावर नवी चादर घातली. रविवारी सकाळी मासळी बाजारातून चिंबोऱ्याही आणल्या.

मग अपूर्व आला. आम्ही त्याला हार घालायला पुढे झालो, तर तो दोन पावलं मागे सरला.

"हार कसला? मॅडम, पौंड म्हणजे बिल्डिंगचं वजन. माझं सॉफ्टवेअर अमेरिकन आहे, ते किलोत सांगत नाही. एवढा भार तुमच्या खांबांना आता पेलवत नाहीये. महिन्याभरात घरं रिकामी करायला लागतील."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जिन्याजवळच्या खांबाकडे बघितलं. तो निदान काही बोलणार नव्हता.

काका घरात गेले. माफी मागायला मी मागोमाग गेले, तर ते फोनवर होते.

"सूरज, निघालास का? अरे, ते पैसे नव्हते, वजन होतं. आसावरीचा गोंधळ झाला. पण तू ये. चिंबोऱ्या आणल्यात... हॅलो? सूरज?"

त्यांनी फोन कानापासून लांब धरून पाहिला.

"रेंज गेली वाटतं."

"हो काका," मी म्हणाले, "तळमजल्यावर रेंज येतच नाही."

त्यांच्या हातातल्या मोबाईलवर चारही दांड्या दिसत होत्या.