भाऊसाहेबांचे साहेब

देवरे भाऊसाहेब आपल्या कुत्र्याला अहोजाहो करत.

चेष्टेने नव्हे, अगदी मनापासून. "साहेब, बसायचं का जरा?" "साहेब, आभाळ भरून आलंय, आज लवकर परतावं म्हणतो." "साहेब, त्या मांजरीकडे आपण लक्ष देऊ नये, ती आपल्या बरोबरीची नाय." कुत्राही असा की दुसऱ्या कुणी 'ए, इकडे ये' म्हणून हाक मारली तर ढिम्म हलायचा नाही. भाऊसाहेब अदबीने वाकून "निघायचं का?" म्हणाले, की मगच उठायचा, आळस द्यायचा आणि पुढे चालू लागायचा. भाऊसाहेब दोन पावलं मागे.

केतकी, परवा तू फोनवर सांगितलंस, की तुमच्याकडच्या इस्पितळात अंगात जाकीट घातलेला एक कुत्रा येतो, आजाऱ्यांच्या खाटेशी बसतो, आणि त्याने माणसांना फार बरं वाटतं. त्याचं म्हणे रीतसर शिक्षण झालेलं असतं, परीक्षाही असते. मागून रोहन ओरडला, "आजी, इंडियात असतं का असं काही?" सगळ्या देशाचं मला माहीत नाही. पण तुमचा जन्म व्हायच्या आधी आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत असा एक होता. त्याला जाकीट नव्हतं. परीक्षांचं म्हणाल, तर त्या भाऊसाहेबांनीसुद्धा बेताच्याच दिल्या होत्या.

भाऊसाहेब मूळचे कळवणकडचे. तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. कळवण, चांदवड, मालेगाव अशी सगळी नोकरी तहसीलदारांच्या मागे फायली घेऊन फिरण्यात गेली. निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल घेऊन कचेरीबाहेर पडले, तर एक तांबूस गावठी कुत्रा त्यांच्या मागे चालू लागला. एक कान उभा, एक पडलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव की सगळ्या तालुक्याची काळजी आपल्यालाच आहे. भाऊसाहेब सांगत, "वहिनी, जन्मभर साहेबांच्या मागे फिरलो. म्हटलं, आता साहेब माझ्या मागे येतोय तर येऊ दे." म्हणून त्याचं नाव साहेब ठेवलं. साहेबावर हुकूम सोडायची मोठी हौस होती त्यांना. पण नाव साहेब ठेवल्यावर तोंडातून 'अरे' निघेचना. जन्माची सवय! आठवडाभरात कुत्रा पुढे आणि भाऊसाहेब मागे, ही व्यवस्था कायम झाली, आणि त्याच थाटात दोघं आमच्या सोसायटीत राहायला आले.

साहेबांचे नियम फार. जेवण ठरल्या वेळी. सतरंजी रोज झटकलेली. आणि खायला द्यायचं ते उजव्याच हाताने. कुणी डाव्या हाताने बिस्किट पुढे केलं, तर भाऊसाहेब कासावीस व्हायचे. "साहेबांना डाव्या हातानं देतात का कोणी?" कुत्र्यालाही त्यांनी तेच वळण लावलं होतं. डावा हात दिसला की साहेब मान फिरवून दूर कुठेतरी रामशेजच्या डोंगराकडे बघत बसायचे. सोसायटीतल्या पोरांचा तो आवडता खेळ होता.

तुमच्या आजोबांना मात्र हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. आजोबा तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, शिस्तीचे, इस्त्रीचे. त्यांनी फळ्यावर खडूने सुवाच्य अक्षरांत सूचना लिहिली : 'आवारात कुत्रे आणू नयेत.' भाऊसाहेबांनी ती उभं राहून दोनदा वाचली आणि म्हणाले, "बरोबर आहे सर. कुत्रे नकोच. साहेबांचा यात उल्लेख नाय." आणि साहेबांना घेऊन शांतपणे आत गेले. आजोबा संध्याकाळभर धुमसत होते.

आता मुख्य गोष्ट सांगते. भाऊसाहेब साहेबांना घेऊन 'पाहणी'ला जात.

कुठे गारपीट झाली, पूर आला, आग लागली, की तहसीलदारांनी जाऊन पाहणी करायची असते. भाऊसाहेबांनी ही पद्धत सोसायटीत चालू केली. कुणाच्या घरी काही विपरीत घडलं, की दुपारी चारला दारावर टकटक. दारात स्वच्छ पांढरा सदरा घातलेले भाऊसाहेब आणि पुढे कुत्रा. "साहेब पाहणीला आलेत." कुत्रा आत जायचा, दुःखी माणसापुढे बसायचा आणि त्याच्या तोंडाकडे एकटक बघायचा. भाऊसाहेब खुर्चीवर गप्प. थोड्या वेळाने त्या माणसाने आपल्या हाताने साहेबांना ग्लुकोजचं बिस्किट द्यायचं, भाऊसाहेबांनी चहा घ्यायचा, की पाहणी संपली.

दहावीतली एक मुलगी गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी रडून रडून बेजार झाली होती. साहेब तिच्या पायांवर पडून राहिले आणि तिने त्याच अवस्थेत सगळ्या भूमितीची उजळणी केली. वरच्या मजल्यावरच्या जोशीबाईंकडे चोरी झाली, तेव्हाही साहेब गेले. बाईंना वाटलं, हा आता वास घेत चोरापर्यंत पोचणार. साहेबांनी कपाटाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, बिस्किट खाल्लं आणि निघाले. बाई म्हणाल्या, "अहो, हे काय? चोराचं काय?" भाऊसाहेब म्हणाले, "ते पोलिसांचं काम बाई. आमचं खातं महसूल."

मी एकदा त्यांना विचारलं, "भाऊसाहेब, नुसतं बघून काय होतं हो?"

ते म्हणाले, "वहिनी, चांदवडला एकदा द्राक्षाच्या बागा पार झोपल्या गारांनी. मदत कधी मिळाली ते सोडा. पण साहेब बांधावर येऊन उभे राहिले ना, की तो माणूस लय सावरायचा. कुणीतरी आलं. बघितलं. साहेबानं काही बोलायचं नसतं. बोललं की बिघडतं."

त्याच वर्षी दिवाळीनंतर तुमच्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला.

तुम्ही आजोबांना पाहिलंत ते हातात काठी असलेले, तुम्हाला ताऱ्यांची नावं सांगणारे. तेव्हाचे आजोबा वेगळे होते. उजवा हात निर्जीव, तोंडून शब्द नाही. कळत सगळं होतं, पण फळ्यासमोर आयुष्य काढलेल्या माणसाला आपला खडूचा हात असा पडलेला बघवत नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज येऊन त्यांच्या तळहातात रबरी चेंडू ठेवायच्या, "दाबा बघू सर." ते दाबायचा प्रयत्नही करायचे नाहीत. चेंडू घरंगळत खाटेखाली जायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हात आत्ता हलवला तर हलेल. त्यांनी मनावर घेतलं नाही, तर पुढे कुणाच्याच हातात काही राहणार नाही." मी समजावलं, रागावले, एकदा इंग्रजीतूनही रागावले. आजोबा भिंतीकडेच.

आणि एक दिवस चार वाजता टकटक झाली.

मी दारातच म्हटलं, "भाऊसाहेब, यांना आवडायचं नाही हो."

"आवडीचा प्रश्न नाय वहिनी. आपत्ती आली, तर पाहणी होणार."

साहेब आत गेले. खाटेशी बसून आजोबांच्या पाठीकडे बघू लागले. आजोबा हलले नाहीत. मी रिवाजाप्रमाणे खाटेजवळच्या स्टुलावर बिस्किटांची बशी ठेवली. बराच वेळ गेला. मग साहेबांच्या तोंडातून लाळेचा एक थेंब टपकन चादरीवर पडला. मग दुसरा. माझी इस्त्रीची पांढरी चादर! एवढ्या दिवसांत आजोबांनी प्रथमच मान वळवली, ती संतापाने. डाव्या हाताने बशीतलं एक बिस्किट उचललं आणि कुत्र्यापुढे धरलं. घे आणि जा, असा आविर्भाव.

साहेबांनी मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघू लागले.

"सर," भाऊसाहेब खुर्चीतून अर्धे उठले, त्यांना खरोखरच धक्का बसला होता, "डाव्या हातानं? साहेबांना?"

मला त्यांचा असा राग आला! म्हटलं, या माणसाला डोळे आहेत की नाहीत? "अहो, त्यांचा उजवा हात..."

"ते दिसतंय वहिनी. पण नियमात बसत नाय, त्याला मी काय करू?" आणि आजोबांकडे वळून म्हणाले, "डाव्यानं मदत करायला हरकत नाय सर. कनिष्ठानं वरिष्ठाला सांभाळून न्यायचंच असतं. आम्ही जन्मभर तेच केलं."

आजोबांनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की एखादा विद्यार्थी वर्गाबाहेर पळाला असता. भाऊसाहेब बसले. साहेब बसले. लाळ चालूच. शेवटी आजोबांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, एखादी परकी वस्तू उचलावी तसा, आणि खाटेच्या कडेवर ठेवला. बोटांत बिस्किट खोचलं. ते पडलं. पुन्हा खोचलं. साहेब पुढे झाले, इतक्या हळूच त्यांनी ते घेतलं, की बोटांना दात लागले नाहीत, फक्त नाक टेकलं. मग ते बोटं चाटत राहिले.

"गार," आजोबा म्हणाले.

एवढाच शब्द. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. बाहेर आले तेव्हा भाऊसाहेब नेहमीसारखे विचारत होते, "वहिनी, चहाचं काय झालं?"

मग पाहणी रोजची झाली. चेंडू खाटेखालीच राहिला, पण चार वाजायच्या सुमाराला आजोबा स्वतःहून उठून बसू लागले. आधी डावा हात उजव्याला धरून. मग नुसतं मनगटाला टेकू देऊन. मग एकट्या उजव्याने. बोटं थरथरायची, साहेब धीराने तोंड उघडून थांबायचे. आजोबा त्यांना "या," म्हणू लागले, मग "बसा," आणि एकदा, बिस्किट हिसकावलं गेलं तेव्हा, स्पष्ट आवाजात "मूर्ख!" भाऊसाहेब कानांवर हात ठेवून म्हणाले, "साहेबांना, सर?" आणि आजोबा कितीतरी दिवसांनी खदखदून हसले.

न बोलणाऱ्या माणसाजवळ माणसं मोकळी होतात. मी आत चहा टाकत असताना भाऊसाहेब आजोबांशी काहीबाही बोलत असायचे. एकदा कानावर आलं, "आमची ही आजारी होती ना सर, तेव्हा मी दौऱ्यावर. मालेगाव तालुक्यात पूर आला होता. साहेबांबरोबर शंभर घरं फिरलो. लोक आमचा हात धरून रडले. घरी आलो तर ही गेलेली. तिच्याजवळ कोणी येऊन बसलं नव्हतं." मग साहेबांच्या शेपटीचा फरशीवर आवाज आला. मी चहा जरा उशिरानेच नेला.

उन्हाळा लागता लागता आजोबा सदऱ्याची बटणं स्वतः लावू लागले. डॉक्टरांच्या हिशेबाने हात पूर्ण बरा झाला नव्हता, पण त्यांच्या कामापुरता झाला होता. त्या दिवशी त्यांनी बिस्किट दिलं, साहेबांनी घेतलं, हात जराही हलला नाही. भाऊसाहेब ते बघत राहिले. कप खाली ठेवला.

"झालं सर," ते म्हणाले. "काम पूर्ण झालं. आता उद्यापासून पाहणीची गरज नाय." उभे राहिले, सदरा नीट केला. "पुढे लगेच कुठं जायचं नाय म्हणा. सोसायटीत सध्या सगळं ठीक आहे. एकाचंही काही दुखत नाय." हे त्यांनी आनंदाची बातमी म्हणूनच सांगितलं, पण दारापर्यंत जायला त्यांना फार वेळ लागला. चपला शोधायला वेळ लागला, आणि चपला समोरच होत्या.

आजोबा त्यांच्याकडे बघत होते. जन्मात कधी खोटं बोलले नाहीत तुमचे आजोबा. प्रयोगाच्या आकड्यात एक दशांश इकडचा तिकडे केला, तर मुलांना नापास करायचे.

"भाऊसाहेब," त्यांनी हाक मारली.

भाऊसाहेब वळले. आजोबांनी बशीतलं आणखी एक बिस्किट उजव्या हाताने उचललं, साहेबांपुढे धरलं आणि सोडून दिलं. बिस्किट फरशीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले.

"बघा," आजोबा सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "अजून... भरवसा नाही."

भाऊसाहेबांनी बिस्किटाकडे पाहिलं. आजोबांच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी चपला काढून पुन्हा दाराशी लावून ठेवल्या.

"मग साहेबांना रोज यावं लागेल सर," ते म्हणाले, आणि येऊन खुर्चीवर बसले.