प्रश्नांना नापास करणारे अण्णा

जाधव अण्णा मुलांना नापास करत नाहीत. ते प्रश्नांना नापास करतात.

त्यासाठी त्यांची एक जाड वही आहे. परीक्षा झाली की ते लाल पेन उघडतात आणि एकेका प्रश्नाला शेरा देतात. 'प्रश्न चौथा : बर्फाचा बाहुला ओळखा. नापास. घरी अभ्यास करत नाही.' 'प्रश्न नववा : काटा-चमचा ताटाच्या कोणत्या बाजूला ठेवतात? नापास. उद्या पालकांना घेऊन येणे.' एका प्रश्नाला तर त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं. म्हणजे त्याचं चित्र दोन दिवस दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं.

अण्णा बेंगळुरूतल्या एका विशेष मुलांच्या शाळेत शिक्षक. तिथे मी बी.एड.च्या सरावासाठी चार महिने होते. मी निपाणीजवळच्या खेड्यातली, घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. त्यामुळे छापील कागदावर माझा फार विश्वास. कुणीतरी मोठ्या माणसाने विचार करूनच छापलं असणार, असं वाटायचं. वही पाहून मी घाबरत विचारलं, "अण्णा, प्रश्न कसा काय नापास होईल?"

"होतो की! स्वल्प थांब. दिसेल."

'स्वल्प थांब', म्हणजे 'जरा थांब', हे त्यांचं पालुपद. त्यांचं मराठी घराणं बेंगळुरूच्या शिवाजीनगरात किती पिढ्या आहे, ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात मराठी कुठे संपते आणि कानडी कुठे सुरू होते, तेही कळत नाही. घरात आता ते एकटेच. "मी आणि भिंतीवरची पाल," ते म्हणायचे. "तीपण कानडीच बोलते." मराठी बोलायला मी सापडले याचा त्यांना आनंद झाला असावा, पण तो त्यांनी मला कायम "ए निपाणी!" अशी हाक मारून दाखवला.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे कुठल्याही मुलाचा तपासणीचा तक्ता भरण्याआधी त्याच्या घरी जाऊन जेवायचं. "आधी ताट, मग तक्ता!" एका घरी नाचणीचा मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, वाढला. मी तो भाकरीसारखा चावून खायला लागले. आमच्या वर्गातला तिथला मुलगा, जो शाळेत तोंड उघडत नसे, मोठ्याने हसला आणि त्याने मला गोळा सारात बुडवून न चावता गिळून दाखवला. परत येताना बसमध्ये अण्णांनी काटा-चमच्याचा प्रश्न खोडला आणि लिहिलं, 'नवीन ताईंना जेवायला शिकवणे. पूर्ण गुण.'

मला लाज वाटली. पण त्या दिवसापासून तो मुलगा माझ्याशी बोलायला लागला, हेही खरं.

मग चैत्राची परीक्षा आली.

चैत्रा अकरा वर्षांची. बोलणं दोन-तीन शब्दांचं. 'मोजमाप' या भागात ती दोन वर्षं अडकली होती. पट्टी हातात दिली की ती पट्टीने पाठ खाजवायची. वरच्या वर्गात मुलांना हाताचं काम शिकवतात. तिथे जायला हा भाग पार करावा लागे. तिची आजी शिवाजीनगरात फुलं विकते. तिने अण्णांना स्पष्ट सांगितलं होतं, "औंदा वर घेतलं नाही, तर पोरगी घरी. मी किती वर्षं पोचवू-आणू?" घरी म्हणजे एका खोलीत, बाहेरून कडी लावून. आजीचा तरी काय इलाज होता?

आम्ही आजीच्या ठेल्यावर गेलो. तिथे गजरा मोळाने विकतात. मोळ म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. आजीने चैत्राला शेवंतीचा सर दिला. चैत्राने कोपराला टोक लावलं, सर बोटांपर्यंत आणला, मग पुढे चार बोटं सोडून ब्लेडने कापला. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. मी मन लावून माझ्या तक्त्यात लिहिलं, 'मोजताना प्रत्येक वेळी चूक करते. चार बोटं जास्त.'

अण्णांनी वाकून वाचलं. मला वाटलं, शाबासकी देतील.

"निपाणी, स्वल्प थांब. आजीचा हात बघ. आता पोरीचा बघ."

मी पाहिलं. आजीचा हात चैत्राच्या हातापेक्षा बरोबर चार बोटं लांब होता. गिऱ्हाइकाला कमी पडू नये म्हणून पोर तेवढं भरून देत होती.

मी तक्त्यावरची ओळ इतकी खोडली की कागद फाटला.

दुसऱ्या दिवशी अण्णा शेवंतीची परडी, चैत्रा आणि धंदा बुडाला म्हणून कुरकुरणारी आजी, असे सगळे मुख्याध्यापिका मॅडमपुढे हजर झाले.

"अण्णा," मॅडम म्हणाल्या, "तपासणीच्या सामानाच्या पेटीत पट्टी आहे, फुलं नाहीत."

"म्हणून तर पेटी नापास."

"मस्करी नको. मला रिपोर्टवर सही करायची असते. आजीने शिकवलेलं ती पाठ करून दाखवत असेल तर?"

शंका रास्त होती. अण्णांनी परडी पुढे सरकवली.

मॅडमनी टेप काढली. चैत्राने पाच सर कापले. पाचही जवळजवळ सारखे. मॅडमची मान अजून हलेना. त्या बुटक्या, हातही लहानसर. त्यांनी एक सर उचलला, स्वतःच्या कोपराला लावला आणि बोटाच्या टोकाशी कात्री धरली. "हा एक मोळ. बरोबर, चैत्रा?"

चैत्राने त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग आजीला दंड धरून ओढत आणलं, दोन हात शेजारी शेजारी ठेवले, आणि मॅडमच्या कात्रीच्या पुढे स्वतःची दोन बोटं टेकवली.

"इन्नू स्वल्प," ती म्हणाली. अजून थोडं.

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मॅडमनी कात्री दोन बोटं पुढे सरकवली, सर कापला, केसात माळला आणि रिपोर्ट पुढे ओढला. "वरच्या वर्गात. पण काय घडलं ते सगळं तुम्ही लिहून द्यायचं, अण्णा." आजी म्हणाली, "फुलांचं पैसं ऱ्हाऊ द्या," आणि पदराने डोळे पुसत बाहेर गेली.

संध्याकाळी अण्णांनी मला वही दिली. "पट्टीचा प्रश्न तू नापास कर." मी पानं उलटताना चुकून पहिलं पान उघडलं. तिथे एकच प्रश्न होता. 'तुझ्या घरी किती माणसं?' नापास. आणि खाली, 'विचारणारा : मी.'

अण्णा खिडकीबाहेर बघत बोलले. "नवीन होतो. हेब्बाळला बांधकाम चाललं होतं, तिथल्या पत्र्याच्या शेडमधला पोरगा. अकरा म्हणाला. फॉर्मवर चार होते. मी काट मारली. त्याला संख्या कळत नाहीत, असं लिहिलं. तो यायचा थांबला. मग मी शेडवर गेलो, तर इमारत पुरी झालेली, माणसं गेलेली. वॉचमन म्हणाला, तिथे एका चुलीवर अकरा जण जेवायचे."

मी भीतभीत विचारलं, "अण्णा, तुमच्या घरी किती माणसं?"

मला वाटलं, एक म्हणतील, किंवा पालीची गोष्ट सांगतील. बाहेर मुलं बसच्या रांगेत उभी होती. मुद्देवाला मुलगा पुढे होता, चैत्रा परडी डोक्यावर घेऊन मागे. अण्णांची बोटं खिडकीच्या गजावर एकेक करून हलायला लागली.

बसने हॉर्न दिला. "अण्णा, चला," मी म्हटलं.

"स्वल्प थांब गं," ते म्हणाले. "मोजतोय."