वानरांना सलाम करणारे मौलाना

शाळेसमोरच्या कडुलिंबावर वानरं उतरली की मौलाना गफूरसाहेब रस्त्यात थांबत, काठी काखेत धरत आणि वानरांना लवून सलाम करत. मग वर्गाच्या खिडकीकडे तोंड करून म्हणत, "मास्तर, तुमच्या घरचे लोक आले. चहा ठेवा."

वर्ग खदखदून हसे. मी खडू धरून उभा.

जानेफळच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मीही नुकताच बी.एस्सी. झालो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. बाप वांगी-मिरच्या पाटीत घालून बाजाराला न्यायचा. त्यानं मला कॉलेजात घातलं ते असले टोमणे ऐकायला नाही. मौलानांचा मला संताप येई आणि तो मी लपवत नसे.

मशिदीत नमाज पढवायची, पोरांना अरबी शिकवायची आणि उरलेला दिवस डार्विनला खोटं पाडण्यात घालवायचा, असा त्यांचा क्रम. डार्विनचं पुस्तक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, नाव मात्र दिवसातून दहादा घेत. बाजाराच्या दिवशी चौकातल्या ओट्यावर चढून सांगत, "खुदानं बाबा आदमले माणूस म्हणूनच घडवलं. शेळी ते शेळी, माणूस तो माणूस. जसं होतं तसं."

पुरावा शेरवानीच्या खिशात. एक दगड, त्यावर पिंपळाच्या पानाचा ठसा. दुसऱ्या खिशात त्याच दिवशी तोडलेलं ताजं पान. "हे लाखो सालाचं, हे आज सकाळचं. काही फरक दिसते काय बे?" बाजार म्हणे, नाही दिसत.

एकदा मी तो दगड मागून घेतला. मागच्या बाजूला थापीची रेघ होती. तो गावातल्या पाण्याच्या हौदाचा सिमेंटचा टवका होता. सिमेंट ओलं असताना पान पडलं होतं, एवढंच. हौद बांधणारा रहीम मिस्तरी समोरच बसलेला. त्याला बाजूला घेऊन विचारलं, "मिस्तरी, तुम्ही सांगत काऊन नाही?"

"सांगून काय करू मास्तर," तो म्हणाला. "किती खूश आहेत त्या दगडावर."

इथवर मी सोसलं. पण दिवाळीच्या सुट्टीत मी एक तक्ता रंगवला आणि वर्गात लावला. त्यात पाच आकृत्या होत्या. पहिली चार पायांवर, दुसरी कमरेत वाकलेली, करत करत पाचवा ताठ माणूस. महिन्याभरात मौलाना शाळेत आले.

"मास्तर, तक्ता काढा."

"काऊन?"

"काढा म्हणतो ना."

"कारण सांगा, मग पाहू."

त्यांनी तक्त्याकडे पाठ फिरवली. मग म्हणाले, "येत्या बाजाराच्या दुसऱ्या दिवसापासून मोहल्ल्यातलं एक पोरगं शाळेत येणार नाही."

त्यांच्याच जमातीला हे पटलं नाही. बांगड्यावाल्या हुसेनभाईचा मुलगा मॅट्रिकला होता. तो माझ्या घरी येऊन म्हणाला, "तुमच्या दोघायच्या भांडणात माह्या पोराचं वर्ष जाईन हो." मोहल्ल्यातली अकरा पोरं शाळेत होती. तरी मी तक्ता काढला नाही. बापाच्या पाटीवर शिकलेला माणूस धमकीला भीत नाही, असं मी हेडमास्तरांनाही ऐकवलं.

त्या बाजाराच्या दिवशी मी भाजी घेत होतो. मौलानांची थोरली बहीण खातूनबी घराकडे निघाली होती. ती त्यांच्याकडेच राहायची. कमरेतून पार वाकलेली, एक हात गुडघ्यावर. मागे माझ्या वर्गातली चार पोरं.

"दोन नंबर आली बे, दोन नंबर."

मला आधी कळलं नाही. मग एकानं वाकून, हात लोंबते सोडून चालून दाखवलं, आणि माझ्या तक्त्यातली दुसरी आकृती मला भर बाजारात दिसली. त्या दिवशी शाळेत कारण सांगायचं तर मौलानांना स्वतःच्या तोंडानं बहिणीला त्या आकृतीशेजारी उभं करावं लागलं असतं.

त्यांनीही ते पाहिलं. मला वाटलं, काठी घेऊन धावतील. ते ओट्यावर चढले, शेरवानीसकट उकिडवे बसले आणि काख खाजवून वानरासारखे ओरडले. "या बे, मास्तरचा आजा पाहा."

पोरं तिला सोडून तिकडे धावली. सगळा बाजार लोटला. ज्यांच्यासमोर गावात कोणी विडी पेटवत नसे, ते मौलाना उड्या मारत होते. नजर मात्र सारा वेळ तिच्या पाठीवर.

ती फार हळू चालायची. लोक हसून हसून थकले. दोन पोरं परत मागे वळून बघू लागली. खातूनबी अजून पिंजाऱ्याच्या दुकानापाशीच होती.

मी पिशवी खाली ठेवली आणि गर्दीत घुसलो. "मौलाना, हे चालणार नाही. माणूस पहिल्यापासून असाच, कशावरून म्हणता?"

ते उकिडवेच थांबले. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे.

"तुम्ही सांगा ना," ते म्हणाले. आवाज बसला होता. "मोठ्यानं बोला मास्तर. मागच्यायले ऐकू येत नाही."

तक्ता मी सकाळी शाळा भरायच्या आत उतरवणार होतो, पण ते तिथं सांगायचं नव्हतं. घराकडच्या गल्लीच्या वळणापर्यंत तिची अजून वीस-पंचवीस पावलं राहिली होती. मी ओट्यावर चढलो आणि डार्विन अगदी पहिल्यापासून सुरू केला.